ताश्कंदचं हस्तकला संग्रहालय: कुठून सुरुवात करायची आणि काय शोधायचं

ताश्कंदला जाणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. चोरसू बाजार, लालबहादूर शास्त्रींचं स्मारक, मेट्रोची दोन-चार स्थानकं आणि मग वेगवान गाडीनं समरकंद. मधे कुठेतरी पाऊण तास उपयोजित कलांच्या संग्रहालयाला मिळतो. त्या पाऊण तासात माणूस काचेच्या कपाटांसमोरून चालत जातो, "काय सुरेख काम आहे" म्हणतो आणि बाहेर पडतो. संध्याकाळी विचारलं तर निळ्या ताटल्या आणि लाल भरतकाम एवढंच आठवतं.

हा लेख त्या संग्रहालयासाठी अडीच तास काढायची तयारी असलेल्यांसाठी आहे. तिथल्या बहुतेक वस्तूंवर ती घडवणाऱ्या हाताची एखादी खूण राहून गेलेली आहे. कुठे सांधा, कुठे डाग, कुठे मुद्दाम अपुरं सोडलेलं पान. खूण कुठे शोधायची हे आधी ठाऊक असलं, की दहा वस्तू पाहूनही पोट भरतं. ठाऊक नसलं, तर हजार वस्तू नजरेखालून नुसत्या जातात.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो आणि दिल्लीहून ताश्कंदला थेट विमान आहे. जेमतेम तीन तासांचा प्रवास. घड्याळ अर्ध्या तासानं मागं करायचं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलैत पारा चाळीसपर्यंत जातो आणि दुपारी अंगणात उभं राहवत नाही, संग्रहालयाचं अंगण तर पाहायलाच हवं.

सोबत तीन गोष्टी ठेवा. एक छोटी वही आणि पेन्सिल, कारण नक्षी हातानं गिरवल्याशिवाय डोळ्याला नीट कळत नाही. दुसरी, लहान दुर्बीण. पक्षी पाहणाऱ्यांकडे असते ती चालेल, ती छतासाठी लागते. तिसरी, थोडी रोख रक्कम सोममध्ये, म्हणजे तिथल्या चलनात. तिकिटाचे आणि छायाचित्रणाचे पैसे वेगवेगळे द्यावे लागू शकतात, म्हणून आत शिरतानाच विचारून घ्या. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. शंभर वर्षांच्या रेशमाचा रंग प्रकाशानंच उडतो.

चार-पाच शब्द पाठ करून जा. उझबेक ही तुर्की कुळातली भाषा, पण कारागिरीचे तिचे कितीतरी शब्द फारसीतून आलेत आणि त्यातले अनेक आपल्याकडेही पोचलेत. 'उस्तो' म्हणजे उस्ताद. 'नक्कोश' म्हणजे रंगीत नक्षी काढणारा, आपली नक्षी त्याच घरातली. पेटीला 'संदिक' म्हणतात, चहाच्या वाटीला 'पियोला', सोन्याच्या तारेच्या भरतकामाला 'झरदोझी'. कुंभार तिथे 'कुलोल' असतो, आणि संस्कृतातला कुलाल आठवल्याशिवाय राहत नाही. कॅमेरा हातात धरून 'मुमकिनमी?' म्हटलं, की 'काढू का?' असं विचारल्यासारखं होतं. आभारासाठी 'रहमत'.

पोचायचं कसं

सगळ्यात जवळचं मेट्रो स्थानक कोस्मोनावतलार. तिथे घाईनं वर येऊ नका. फलाटाच्या भिंतींवर निळ्या सिरॅमिकची गोल चित्रं आहेत. गागारीन आणि तेरेश्कोवा हे अंतराळवीर तर आहेतच, पण पंधराव्या शतकात समरकंदला वेधशाळा उभारणारा उलुगबेगही त्यांच्या पंगतीत आहे. भिंत वर गडद निळी आणि खाली उतरेल तशी फिकी होत जाते. निळ्या रंगाची ही सवय या देशाला मातीच्या भांड्यांनी लावली, हे थोड्याच वेळात संग्रहालयात दिसेल.

स्थानकापासून पायी पंधरा-वीस मिनिटं. टॅक्सी केली तर 'अमली सनअत मुझेयी' असं सांगा आणि रकतबोशी रस्त्याचं नाव दाखवा. गल्ली निवासी वस्तीतली आहे आणि बाहेरून फारसा थाट दिसत नाही, त्यामुळे आपण चुकलो असं वाटतं. चुकलेले नसता. शक्यतो सकाळी नऊच्या सुमाराला पोचा, मोठे गट यायच्या आत मुख्य दालन शांतपणे पाहून होतं.

कपाटांआधी घर

आत गेल्यावर पहिली अर्धी घटका एकाही कपाटाकडे जाऊ नका. या संग्रहालयातली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे ही इमारत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलेक्सांद्र पोलोव्त्सेव नावाच्या रशियन राजनैतिक अधिकाऱ्यानं हे घर सजवून घेतलं. ताश्कंद, समरकंद, बुखारा, खीवा, फरगाणा अशा ठिकाणच्या कसलेल्या उस्तोंनी त्यावर काम केलं. पुढे पहिल्या महायुद्धात इथे ऑस्ट्रिया-हंगेरीचे युद्धकैदी ठेवले गेले. 1937 मध्ये याच घरात हस्तकलेचं प्रदर्शन मांडलं गेलं आणि त्यातूनच आजचं संग्रहालय उभं राहिलं. 26 एप्रिल 1966 च्या भूकंपात जुन्या ताश्कंदचा फार मोठा भाग कोसळला. ते लक्षात ठेवून या घराकडे पाहा, म्हणजे एवढी नक्षी एका छपराखाली अजून शिल्लक असण्याचं मोल कळेल.

आधी अंगणातून 'अयवान' पाहा. लाकडी खांबांवर तोललेली, पुढून उघडी ओसरी. कोकणातल्या पडवीत वाढलेल्याला तिचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. मग मुख्य दालनात शिरा, मधोमध उभे राहा आणि दुर्बीण छताकडे लावा.

दोन तुळयांच्या मधल्या जागेत अर्धगोल लाकडी दांडके एकमेकांना चिकटून बसवलेले दिसतील. त्यांना 'वस्सा' म्हणतात. छत सपाट दिसत असलं तरी ते असं शेकडो तुकड्यांचं असतं आणि प्रत्येक तुकड्याच्या गोलाईवर रंगकाम चढवलेलं असतं. नक्षीत दोन घराणी आहेत. 'गिरिह' म्हणजे गाठ: रेषा, तारे, बहुकोन, सगळं पट्टी-कंपासाचं. 'इस्लिमी' म्हणजे वेल. मला विचाराल तर वेलीपासून सुरुवात करा. एक देठ निवडा आणि तो कुठून निघाला, कुणाच्या खालून गेला, कुठे फुलात संपला, हे नजरेनं शेवटपर्यंत फिरा. पहिल्यांदा वाट हरवते. तिसऱ्यांदा सापडते, आणि सापडली की नक्षी काढणाऱ्याचा हात कोणत्या क्रमानं फिरला असेल त्याचा अंदाज येतो.

भिंतींवरचं पांढरं कोरीवकाम म्हणजे 'गंच'. जिप्समयुक्त माती भाजून, दळून, पाण्यात कालवून लावतात आणि ती पुरती वाळायच्या आत पात्यानं कोरतात. फारसीत या गिलाव्याला 'गच' म्हणतात. मराठीत जुन्या बांधकामातला गच आणि घरावरची गच्ची ही त्याच शब्दाची लेकरं. गंचमध्ये पाहायची गोष्ट अशी: कोरलेल्या कडांजवळ जा, हात न लावता, आणि खोली किती पातळ्यांची आहे ते मोजा. उठावाची वेल एका पातळीवर असते आणि तिच्यामागची पार्श्वभूमी पुष्कळदा रंगवलेली असते, त्यामुळे पांढरी जाळी रंगावर तरंगल्यासारखी वाटते. खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून पाहिलं तर सावल्या नीट दिसतात.

भिंतीतल्या छोट्या छोट्या कोनाड्यांच्या रांगाही बघा. मध्य आशियातल्या श्रीमंत घरात चिनी मातीची भांडी अशाच कोनाड्यांत मांडत. आपल्या जुन्या घरातली फडताळं थोडी श्रीमंत करून डोळ्यासमोर आणा.

सुझनी: सांधा आणि गालबोट

आता भरतकामाकडे वळा आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्या. दालनांमधली मांडणी वेळोवेळी बदलते, त्यामुळे क्रमांक सांगत नाही, पण भिंतभर पसरलेल्या सुझनी चुकणं शक्यच नाही.

'सोझन' म्हणजे सुई. मुलगी जन्मली की घरातल्या बायका तिच्या लग्नासाठी सुझनी भरायला घेत. पद्धत अशी: हातमागाच्या सुती कापडाच्या चार-सहा अरुंद पट्ट्या सैलसर टाचून जोडायच्या, नक्षी काढण्यात तयार असलेल्या बाईकडून त्यावर रेखाटन करून घ्यायचं आणि मग पट्ट्या पुन्हा उसवून आई, मावशी, बहीण, शेजारीण अशा वाटून द्यायच्या. प्रत्येकीनं आपल्या घरी, आपल्या हातानं भरायचं. शेवटी पट्ट्या कायमच्या जोडायच्या.

म्हणून पहिली खूण शोधायची ती सांध्यावर. मोठं गोल फूल दोन पट्ट्यांवर पसरलेलं असेल तर त्याच्या मधोमध वरपासून खाली नजर फिरवा. डावी अर्धी पाकळी उजवीशी नेमकी जुळत नाही. एका बाजूचा लाल थोडा तपकिरीकडे झुकतो, दुसरीकडचा टाका घट्ट असतो. ही चूक समजून पुढे जाऊ नका. दोन बायकांचे हात तिथे शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

दुसरी खूण: अनेक सुझनींत एखादं छोटं पान किंवा देठाचा तुकडा रेखाटलेला असतो, पण भरलेला नसतो. मुद्दाम सोडलेला. काम कधी संपू नये, घरात लग्नं होत राहावीत, आणि पूर्णत्वाला दृष्ट लागू नये, असा त्यामागचा भाव. आपल्याकडच्या आईला हे समजावून सांगावं लागत नाही, बाळाच्या गालावरची तीट तीच आहे.

तिसरी गोष्ट टाक्याची. 'बोस्मा'मध्ये लांब धागा कापडावर आडवा टाकून त्याच धाग्यानं परतताना छोट्या तिरक्या टाक्यांनी तो दाबत आणतात, जवळून पाहिलं की विणल्यासारखा पोत दिसतो. 'युर्मा' ही आकड्यानं काढलेली साखळी. ब्लाउजवर आरी वर्क करून घेणाऱ्या कुणालाही तो टाका लांबून ओळखू येईल.

गाव ओळखायचं असेल तर ढोबळ खुणा अशा. नुरातामध्ये पांढऱ्या जमिनीवर सुटे सुटे फुलांचे गुच्छ आणि भरपूर मोकळी जागा. ताश्कंदच्या मोठ्या कापडाला 'पालक' म्हणतात. त्यात प्रचंड लाल वर्तुळं असतात, कापड जवळपास दिसतच नाही आणि ती वर्तुळं चंद्र-आकाशाची मानतात. मला स्वतःला पालकसमोर बसून राहायला आवडतं. त्यात फुलांचा गोडवा नाही, रात्रीच्या आकाशाचा भार आहे.

आकृत्यांमध्ये डाळिंब म्हणजे भरलं घर. 'बोदोम' म्हणजे बदाम, आकारानं थेट आपली कोयरी. तोच आकार थोडा लांबट झाला की 'कलंपिर', मिरची, आणि ती वाईट नजर लागू नये म्हणून. दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको. हीच खूण चुस्त गावच्या काळ्या-पांढऱ्या 'दोप्पी'वर, म्हणजे चौकोनी टोपीवर, चार बाजूंना चार अशी दिसते.

ढग बांधायची कला

पुढे झगे आणि रेशमी कापडं. ज्या कापडात रंगांच्या कडा धुकट, पाण्यात हलल्यासारख्या दिसतात ते इकत. उझबेक कारागीर या कामाला 'अब्रबंदी' म्हणतात: अब्र म्हणजे ढग, बंद म्हणजे बांधणं.

पटोळा पाहिलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. पाटणच्या पटोळ्यात उभा आणि आडवा दोन्ही धागे बांधून रंगवतात. इथे फक्त उभा. ताणा लावून त्यावर नक्षीच्या खुणा करायच्या, जिथे रंग नको तिथे सुतानं घट्ट गुंडाळायचं, रंगात बुडवायचं, सोडायचं, पुन्हा दुसरीकडे बांधायचं. फिक्याकडून गडदाकडे: पिवळा, लाल, मग निळा. त्यामुळे खूण शोधायची ती रंगाच्या वरच्या-खालच्या टोकाला. उभ्या दिशेनं रंग दातेरी होऊन पसरलेला दिसेल. गाठीखाली शिरलेला तो रंग आणि मागावर किंचित सरकलेला धागा. पूर्वी निळ्यासाठी नीळ भारतातून जात असे, म्हणजे त्या झग्यांतला एक रंग आपल्या बाजूचा आहे.

कापडाची नावं दोनच लक्षात ठेवा. 'अत्लस' पूर्ण रेशमी, गुळगुळीत, हलकं. मराठी बखरींतली अतलस ती हीच. 'अद्रस'मध्ये ताणा रेशमी आणि बाणा सुती, मशरूसारखा. अद्रसची चकाकी निरखून पाहा. विणून झाल्यावर त्याला अंड्याच्या पांढऱ्याचा हात देऊन लाकडी हातोड्यानं कुटत. आपले जुने लोक याला कुंदी करणं म्हणत.

माती आणि तिचे तीन डाग

भांड्यांच्या कपाटासमोर आधी रंगावरून गाव ओळखायचा प्रयत्न करा. निळं-हिरवट, थंड पाण्यासारखं असेल तर फरगाणा खोऱ्यातलं रिश्तोन. तपकिरी, पिवळं, हिरवं आणि रंग थोडे ओघळलेले असतील तर बुखाऱ्याजवळचं गिजदुवान. ख्वारझमचं खोलगट भांडं, 'बादिया', बुडाशी उंच कडीवर उभं असतं.

रिश्तोनची झिलई 'इश्कोर' वाळवंटी झुडपं जाळून मिळालेल्या क्षारयुक्त राखेपासून बनते. अशा क्षारी झिलईत तांबं फिरोजी रंग देतं. विसाव्या शतकात कारखान्यांच्या काळात ही रीत जवळजवळ बंद पडली होती. नंतर काही घराण्यांनी ती पुन्हा उभी केली.

आता जुन्या थाळीच्या, 'लागान'च्या, मध्यभागी नीट पाहा. बऱ्याच थाळ्यांवर तीन छोटे डाग त्रिकोणात दिसतील. भट्टीत थाळ्या एकावर एक रचताना मधे मातीची तिपाई ठेवतात, तिला 'सेपोया' म्हणतात, म्हणजे तीन पायांची. पक्की झाल्यावर तिपाई मोडून काढली की तिचे पाय उमटलेले राहतात. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हाच खेळ द्या: किती थाळ्यांत तीन डाग सापडतात? माझ्या अनुभवात दहा वर्षांचं पोर या खेळात मोठ्यांहून जास्त वेळ रमतं.

उरलेली दालनं

लाकूडकामात घडीचा ग्रंथाधार, 'लवह', शोधा. एकाच फळीतून कापलेला असतो, खिळा नाही, बिजागरी नाही, आणि तरी उलगडतो. तांब्याच्या भांड्यांत चोचीचे हात धुवायचे तांबे. बुखाऱ्याची झरदोझी चमकते म्हणून सगळे तिथे गर्दी करतात. ती पाहा, पण तिथेही पुरुषांचे झगे का एवढे, ते ध्यानात घ्या: बुखाऱ्यावर अमिराचं राज्य होतं त्या काळी हे दरबारासाठीचं काम होतं आणि करणारेही बहुतेक पुरुषच. लाखेच्या रोगणातल्या छोट्या पेट्या, चाकू, दागिने यांना दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गालिचे मी दमलेल्या पायांनी पाहू नका म्हणेन, त्यांना वेगळा दिवस हवा.

बाहेर पडण्याआधी मुख्य दालनात एक फेरी पुन्हा मारा. पहिल्या फेरीत गुंता वाटलेलं छत आता वाचता येतं, आणि सुझनीतली वेल भिंतीवर, दारावर, थाळीत तीच असल्याचं लक्षात येतं.

विकत घ्यायचं असेल तर

संग्रहालयातही हस्तकलेची विक्री होते, आणि बाजारात तर होतेच. सुझनी उलटून पाहा. सगळीकडे एकसारख्या ताणाची, एका मापाची साखळी असेल तर ती यंत्राची. इकतची मागची बाजू पुढच्याइतकीच गडद हवी. मागे फिकट असेल तर छापील. थाळी घेताना त्याच नक्षीच्या दोन शेजारी ठेवायला सांगा आणि पाकळ्यांची टोकं ताडून पाहा. अगदी हुबेहूब जुळली तर कुंचला तिथे फिरलेलाच नाही. झिलईत शिसं आहे का हे विचारा. असेल किंवा उत्तर नीट मिळालं नाही तर ती थाळी भिंतीवर शोभेल, पण तिच्यात लोणचं-कोशिंबीर वाढू नका.

पन्नास वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जुनी दिसणारी नवी सुझनी घेतलीत तरी पावती आणि लागल्यास दाखला दुकानातूनच मागून घ्या. चुस्तचा चाकू मोठ्या सामानात टाका. थाळ्या हातातल्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडव्या एकावर एक न ठेवता उभ्या.

त्यानंतर कुठे

त्याच दिवशी संध्याकाळी अलीशेर नवोई नाट्यगृहात जागा मिळत असेल तर जा, खेळ कुठलाही असो. 1947 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत प्रेक्षकांसाठीची सहा दालनं आहेत, ताश्कंद, समरकंद, बुखारा, ख्वारझम, फरगाणा आणि तिरमिझ अशी, आणि प्रत्येकात त्या त्या भागाच्या शैलीतलं गंचकाम. बुखाऱ्याच्या दालनाचे उस्तो शिरीन मुरादोव. अमिराच्या उन्हाळी महालातलं, आरशांवर कोरलेल्या गंचचं पांढरं दालनही त्यांचंच. सकाळी पाहिलेल्या भिंतीशी संध्याकाळची भिंत ताडून पाहता येते.

काम चालू असताना पाहायचं असेल तर ताश्कंदमध्येच अबुलकासिम मदरशात कारागिरांच्या खोल्या आहेत. पूर्वी विद्यार्थी राहायचे तिथे आता लाकूड कोरणारे, रंगवणारे बसतात. दोन दिवस हाताशी असतील तर मात्र फरगाणा खोऱ्यात उतरा. मर्गिलानला थेट गाडी जाते, साधारण पाच तास. वाटेत 2016 मध्ये उघडलेला, 19 किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. मर्गिलानच्या हस्तकला केंद्राचं अत्लस-अद्रस जतनाचं काम 2017 मध्ये युनेस्कोच्या नोंदवहीत गेलं. तिथे ताणा बांधणाऱ्यांच्या शेजारी उभं राहता येतं. दुसऱ्या दिवशी शेअर टॅक्सीनं रिश्तोन, कोकंदच्या रस्त्यावर. कुलोलाच्या अंगणात चहा येईल, तो नाकारू नका. आणि भट्टी उघडायची वेळ असेल तर थांबा: गरम थाळ्यांमधून तिपाया मोडून काढतानाचा तो टकटक आवाज तिथेच ऐकायला मिळतो.